मागे कोण बसलंय ते दिसायला हवं : पिकअपला लपता रिव्हर्स कॅमेरा बसवण्याविषयी



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. या दिवसांत आपण होड्या वर ओढतो, तळ खरवडतो, जाळी शिवतो, इंजिनं खोलून बसतो. पिकअपकडे मात्र कोणी बघत नाही. ती घराकडे माडाखाली ताडपत्री टाकून उभी असते. ऑगस्ट उजाडला की बॅटरी चार्ज करायची, टायरात हवा भरायची आणि निघायचं. एवढीच तिची दुरुस्ती.

यंदा या दोन महिन्यांत एक काम करून घ्या. गाडीला मागचा कॅमेरा बसवा. काम एका दिवसाचं आहे. पण नीट बसवला नाही तर पहिल्या दोन महिन्यांतच खारं पाणी त्याला खाऊन टाकतं आणि मग "असले कॅमेरे आपल्या धंद्यात चालत नाहीत" असं म्हणायला आपण मोकळे. चालतात. कुठे बसवायचा, कसा बसवायचा आणि तो बसल्यावर काय करायचं नाही, ते सगळं खाली लिहिलं आहे.

आपली गाडी किती वेळा मागे जाते?

मोजून बघा. हरमल, मांद्रे, मोरजी, केरी, कुठेही जा, किनाऱ्यावर उतरणारी वाट अरुंद. दोन्ही बाजूंना कुंपण, माड, भाड्याच्या खोल्या, पर्यटकांच्या स्कूटर. गाडी किनाऱ्यावर घालायला गोव्यात बंदी आहे, आणि मोरजीसारख्या ठिकाणी तर रेतीत कासवं अंडी घालतात. म्हणजे गाडी वाटेच्या तोंडाशीच उभी राहणार. तिथे वळायला जागा नाही. एकतर उलटी जायची नाहीतर उलटी यायची.

जेटीवर तेच. शापोऱ्याला किंवा मालीमला पहाटे गाड्यांची रांग लागते, प्रत्येकाला मागची बाजू बोटीकडे करायची असते. मग म्हापशाचा बाजार. तिथून डिचोली, साखळी. बाजाराच्या दिवशी डिचोलीत मासळी उतरवायची म्हणजे गर्दीत इंच इंच मागे सरकायचं. दिवसभरात गाडी पुढे जाते बरीच, पण माणसांच्या सगळ्यात जवळून जाते ती मागे जाताना.

आणि मागे कोण असतं? रापण ओढून दमलेली माणसं टेकून बसलेली. जाळ्याचा ढीग. बर्फाची लादी फोडणारा पोरगा. पाटी पुढे घेऊन जमिनीवर बसलेल्या, मासळीचा वाटा मिळायची वाट बघणाऱ्या आपल्याच बायका. आईबरोबर आलेलं लहान मूल. ही सगळी खाली बसलेली किंवा वाकलेली असतात. अंधार असतो. समुद्राच्या गाजेत गाडीचा रिव्हर्सचा पी-पी आवाज विरून जातो.

आरसा काय दाखवत नाही

जुना ड्रायव्हर म्हणतो, "वीस वर्षं आरशात बघून गाडी चालवतो, मला कॅमेरा कशाला?" त्याच्या हाताबद्दल शंका नाही. पण आरशाला मर्यादा आहे, आणि ती साध्या हिशेबाने समजते.

उघड्या पिकअपचं घ्या. समजा ड्रायव्हरचे डोळे जमिनीपासून १७० सेंटिमीटर उंच आहेत. मागचा फाळका त्याच्यापासून ३ मीटर मागे आहे आणि फाळक्याची वरची कड जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर आहे. नजर फाळक्यावरून जाते तेव्हा ती ३ मीटरमध्ये ३० सेंटिमीटर खाली उतरलेली असते. आता फाळक्याच्या मागे ८० सेंटिमीटर उंचीचं काही दिसायचं असेल तर नजर आणखी ६० सेंटिमीटर उतरायला हवी. म्हणजे आणखी ६ मीटर. फाळक्यापासून सहा मीटरपर्यंत जमिनीवर बसलेलं माणूस काचेतून दिसतच नाही. हा झाला रिकाम्या गाडीचा हिशेब. हौद्यात क्रेट रचले की काचेतून क्रेटच दिसणार.

आता बाजूच्या आरशाचं बघू. बंद डब्याची गाडी घ्या. डबा १६० सेंटिमीटर रुंद, आरसा डब्याच्या रेषेबाहेर २० सेंटिमीटर आलेला, आणि डब्याचा मागचा कोपरा आरशापासून ४ मीटर मागे. त्या कोपऱ्याला घासून जाणारी नजर दर ४ मीटरला २० सेंटिमीटर आत येते. डब्याची मधली रेष कोपऱ्यापासून ८० सेंटिमीटर आत. म्हणजे गाडीच्या बरोब्बर मधोमध मागे उभा असलेला माणूस आरशात दिसायला तो डब्यापासून १६ मीटर लांब असावा लागतो! आरसा कितीही पुसा, कितीही फिरवा, ही जागा त्यात येत नाही.

तुमच्या गाडीची मापं वेगळी असतील. म्हणून हा प्रयोग घरी करा. एकाने ड्रायव्हरच्या सीटवर बसावं, दुसऱ्याने मासळीचे रिकामे क्रेट कमरेएवढे रचून गाडीच्या मागे मधोमध ठेवावेत आणि हळूहळू लांब न्यावेत. दिसले की थांबायचं आणि टेपने अंतर मोजायचं. हे माप एकदा डोळ्यांनी बघितलं की कॅमेऱ्याची गरज कोणी समजावून सांगावी लागत नाही.

अजून एक आकडा लक्षात ठेवा. ताशी ५ किलोमीटर, म्हणजे चालत्या माणसाच्या वेगाने गाडी मागे घेतली तरी ती एका सेकंदात जवळजवळ १.४ मीटर जाते. कोणी ओरडलं, आपल्या कानावर आलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद सहज जातो.

डबा आला, मागची काच गेली

पूर्वी आपल्याकडे बहुतेक गाड्या उघड्या होत्या, वर ताडपत्री. २०१८ साली गोव्यात मासळीतल्या फॉर्मेलिनचा वाद उठला तो सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर बाहेरच्या राज्यांतून मासळी आणणाऱ्या गाड्यांना इन्सुलेटेड डब्याची अट आली. पत्रादेवीच्या नाक्यावर किती चर्चा झाल्या, सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांनी किती आवाज उठवला, ते पेडण्याच्या माणसाला सांगायला नको. पुढे २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. तिच्यात इन्सुलेटेड गाडीला अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के.

डबा चांगलाच. बर्फ टिकतो, मासळी टिकते, दर टिकतो. पण डबा बसला त्या दिवशी केबिनमधला मधला आरसा निकामी झाला. त्यात आता फक्त पांढरी भिंत दिसते. मासळी सुरक्षित झाली, मागे उभा असलेला माणूस मात्र पहिल्यापेक्षा जास्त आडोशाला गेला. डबा बसवताना आपण जाडी विचारली, बर्फ किती तास राहतो ते विचारलं. मागचं कसं दिसणार हे विचारायचं राहून गेलं. ते आता पुरं करायचं.

बाहेर काय झालं

गाडीला मागचा कॅमेरा ही कल्पना जुनी आहे. १९५६ साली अमेरिकेत ब्युइक कंपनीने प्रदर्शनात मांडलेल्या एका गाडीला आरशाऐवजी मागे टीव्ही कॅमेरा आणि पुढे पडदा होता. ती गाडी विक्रीला कधी आली नाही.

कायदा यायला मात्र एक मूल जावं लागलं. २००२ साली न्यूयॉर्क राज्यात दोन वर्षांचा एक मुलगा घराच्या अंगणात गाडी मागे घेताना सापडला. गाडी चालवणारे त्याचे वडील होते, आणि ते स्वतः लहान मुलांचे डॉक्टर. त्या वडिलांनी आणि अशाच इतर घरांनी पाठपुरावा केला. त्या मुलाच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला, २०१४ मध्ये नियम ठरला आणि मे २०१८ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला, छोट्या पिकअपसकट, मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. युरोपमध्ये जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना मागचं कळण्याची सोय हवीच. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी कारना रिव्हर्स सेन्सर सक्तीचा आहे. आपल्या धंद्यातल्या जुन्या पिकअपांना यातलं काहीच नाही. त्यांना आपणच बसवायचं.

सेन्सर आणि कॅमेरा यांत फरक आहे, तो सांगतो. सेन्सर आवाजाच्या लहरी सोडतो आणि आपटून परत आल्या की वाजतो. भिंत, गाडी, खांब याला तो छान. पण जाळ्याचा ढीग, बारीक दोर, खाली ठेवलेली पाटी यांचा त्याला भरवसा नाही. शिवाय फाळका खाली लोंबत असला की तो फाळक्यालाच बघून वाजत राहतो. सतत वाजणारी वस्तू ड्रायव्हर दोन दिवसांत बंद करतो. म्हणून आपल्या कामाला कॅमेरा पहिला. सेन्सर हवा तर नंतर.

"लपता" कशासाठी?

कॅमेरा लपता बसवा म्हणतो याची कारणं अगदी धंद्याची आहेत. बाहेर आलेला कॅमेरा पहिल्या आठवड्यात क्रेटच्या कोपऱ्याने फुटतो. बर्फाची लादी घसरते ती त्यावरच. जेटीच्या कठड्याला गाडी टेकली की तो गेला. आणि रात्री रस्त्याकडेला उभी असलेल्या गाडीचा चमकणारा कॅमेरा कोणीतरी उपटून नेतो.

आता जागा. परदेशी गाड्यांच्या चित्रांत कॅमेरा फाळक्याच्या कडीत बसवलेला दिसतो. आपल्या पिकअपला ते करू नका. आपला फाळका बिजागरीवर खाली पडतो, दिवसातून पन्नास वेळा उघडतो, आपटतो. त्यावर कॅमेरा लावला तर वायर बिजागरीपाशी वाकून वाकून तुटणार आणि फाळका उघडा असताना कॅमेरा जमिनीकडे बघणार.

उघड्या गाडीला योग्य जागा म्हणजे हौद्याच्या खाली, चेसीसच्या मागच्या आडव्या पट्टीत, नंबरप्लेटच्या वर किंवा बाजूला. कॅमेऱ्याचं तोंड पट्टीच्या कडेपेक्षा थोडं आत असू द्या. म्हणजे धक्का लागला तर लोखंडाला लागेल, काचेला नाही. एक गोष्ट आधी तपासा : फाळका पूर्ण खाली सोडा आणि तो कॅमेऱ्यावर येतो का बघा. आला तर जागा बाजूला सरकवा. फाळका सोडलेला असताना चित्र झाकलं जाणारच असेल तर नियम करा, फाळका लावल्याशिवाय रिव्हर्स नाही.

बंद डब्याच्या गाडीला वरची जागा जास्त चांगली. डब्याच्या मागच्या चौकटीला वर मधोमध, दरवाजा उघडताना लागणार नाही अशी. तिथून खालपर्यंत सगळं दिसतं आणि खारं पाणी, चिखल कमी पोचतो. फक्त डब्याच्या इन्सुलेशनला आरपार भोक पाडू नका. आतल्या फोममध्ये पाणी शिरलं की डब्याचा थंडावा गेला. वायर बाहेरच्या कोपऱ्याच्या पट्टीतून खाली आणा.

दोन ठिकाणी कधीच बसवू नका. एक, डब्यातून मासळीचं पाणी बाहेर पडतं त्या नळीच्या खाली. दोन, नंबरप्लेटवर. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट आहे, ती खास लॉकने बसवलेली असते. ती काढायची नाही, तिला भोक पाडायचं नाही, तिचं एकही अक्षर झाकायचं नाही.

कॅमेरा घेताना काय विचारायचं

दुकानदार रंगीत खोका दाखवतो. तुम्ही हे विचारा.

पाणी किती सोसतो? खोक्यावर आयपी आणि पुढे आकडा असतो. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. पण आपण गाडी धुतो ती प्रेशरच्या पाण्याने, आणि बुडणं वेगळं, फवारा वेगळा. फवारा सोसणारा आकडा आयपी ६९के. मालवाहू गाड्यांसाठी असे कॅमेरे मिळतात. थोडे जादा पैसे इथे घाला.

कनेक्शन कसलं आहे? स्वस्त किटमध्ये पिवळ्या टोकाची आरसीए पिन असते. ती उघडी असते, हवेतलं मीठ तिला हिरवं करतं. ट्रकच्या कॅमेऱ्यांना चार पिनचं, स्क्रूने घट्ट बसणारं, आत रबरी रिंग असलेलं कनेक्शन येतं. आपल्याला तेच हवं.

वायर किती मीटर? कारच्या किटमध्ये साधारण ६ मीटर मिळते. डबा असलेल्या गाडीला, वरून खाली आणि मग पुढे, ती कमी पडते. घरी सुतळीने माप घ्या आणि एक मीटर जादा धरा. मध्ये जोड द्यायची पाळी येऊ नये. जोड म्हणजे मीठ शिरायची जागा.

व्होल्ट किती? पिकअप १२ व्होल्टची. मोठ्या ट्रकला २४ असतात. दोन्हींवर चालणारा मिळाला तर उत्तम.

अंधारात दिसतं का? दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच छान दिसतात. दुकानदाराला सांगा, कॅमेऱ्यावर हात आडवा धरून सावली करा, मग बघू.

वायरशिवाय चालणारा, वायफायचा कॅमेरा घेऊ नका. त्यालाही मागून वीज द्यावीच लागते, आणि मध्ये पत्र्याचा डबा आला की चित्र अडखळतं. मागे जाताना अडखळलेलं चित्र म्हणजे एक सेकंदापूर्वीचा रस्ता.

वायरिंग, मिठाला धरून

कॅमेऱ्याला वीज रिव्हर्सच्या दिव्यातून घ्यायची. म्हणजे रिव्हर्स गिअर पडला की कॅमेरा आपोआप चालू. गाडी सपाटीवर लावा, हँडब्रेक ओढा, टायरांना दगड लावा. इंजिन बंद, चावी ऑन, गिअर रिव्हर्सला. टेस्ट लॅम्प लावून बघा, गिअर पडल्यावरच जी वायर पेटते ती आपली. आधी रिव्हर्सचा दिवा लागतो का तेही बघून घ्या. पुष्कळ गाड्यांचा तो कधीचाच गेलेला असतो.

पडद्याला वीज चावीवर चालू होणाऱ्या वायरवरून, मध्ये छोटा फ्यूज घालून. किटच्या कागदावर जेवढ्या अँपिअरचा लिहिलाय तेवढाच. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणारा वायरमन असेल तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

अर्थिंग महत्त्वाचं. आपल्या गाड्यांचे निम्मे विजेचे आजार गंजलेल्या अर्थिंगचे असतात. रंग खरवडून रिंग टर्मिनल लावा, बोल्ट घट्ट करा, वरून ग्रीस द्या. चेसीस फार गंजलेली असेल तर मागच्या दिव्याच्या अर्थच्या वायरलाच जोडा.

जोड नुसते पिळून टेप लावायचे नाहीत. सोल्डर करा किंवा दाबून बसवा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. नवीन गाडी असेल आणि वॉरंटी चालू असेल तर कंपनीची वायर कापू नका, मध्ये बसणारा कपलर मागा.

वायर नालीदार प्लॅस्टिक पाइपमधून, गाडीच्या मूळ वायरिंगच्या बाजूने न्या. वितीवितीवर केबल टाय. सायलेन्सर, फिरणारा शाफ्ट आणि पाटे या तिघांपासून लांब. जिथे वायर कॅमेऱ्यात किंवा केबिनमध्ये शिरते त्याच्या आधी तिला खाली एक वळसा द्या. वायरवरून ओघळणारं पाणी त्या वळशावरून टपकून जातं, आत शिरत नाही. केबिनमध्ये शिरायला आधीच असलेलं रबरी बुश वापरा. नवं भोक पाडावंच लागलं तर कडेला रंग लावा आणि बुश घाला. उघड्या पत्र्याला गंज लागायला आपल्या हवेत एक पावसाळा पुरतो.

पडदा कुठे?

डब्याच्या गाडीत मधला आरसा तसाही निकामी आहे. आरशावर बसणारा पडदा मिळतो, तो तिथे लावा. नजरेची सवय तीच राहते. उघड्या गाडीत डॅशबोर्डवर छोटा पडदा, पण समोरची काच अडवणार नाही असा. त्यावर गाणी, सिनेमा काही नको. रिव्हर्समध्ये चालू, बाकी वेळ काळा.

चित्र आरशासारखं हवं. डावीकडचा माणूस पडद्यावरही डावीकडे दिसला पाहिजे. काही कॅमेरे उलटं दाखवतात. त्याची सेटिंग किंवा एक छोटी वायर असते, ती बदलून घ्या. हे बसवणाऱ्याच्या समोरच तपासा. घाईच्या वेळी डावं-उजवं गोंधळलं तर कॅमेरा नसलेला बरा.

पास की नापास, अशी परीक्षा घ्या

अमेरिकेच्या नियमात सोपी परीक्षा आहे, आपणही घेऊ शकतो. गाडीच्या मागे जमिनीवर चुन्याने चौकोन आखा, ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब. त्या नियमात यात सुमारे ८० सेंटिमीटर उंचीचे खांब उभे करतात, कारण दीड वर्षाचं मूल तेवढं असतं. पाटी घेऊन जमिनीवर बसलेली बाईही साधारण तेवढीच भरते. आपण क्रेट रचून ठेवू. चारही कोपऱ्यांत आणि मधोमध क्रेट ठेवा. कॅमेऱ्यात दिसतात का? गाडीच्या अगदी लगत ठेवलेला दिसतो का? नसेल तर कॅमेऱ्याचं तोंड थोडं खाली करा. पडद्याच्या तळाशी गाडीची मागची कड किंचित दिसली पाहिजे, म्हणजे अंतराचा अंदाज येतो.

पडद्यावर हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा असतात. त्या दुसऱ्या कुठल्या तरी गाडीच्या मापाने आखलेल्या असतात. तुमच्या गाडीच्या मागे एक मीटरवर चुन्याची रेष मारा आणि ती पडद्यावर कुठे येते ते बघून तिथे चिकटपट्टीची बारीक खूण करा. हीच खरी रेष. आणि लक्षात ठेवा, रुंद कॅमेऱ्यात वस्तू असते त्याहून लांब वाटते.

गिअर टाकल्यापासून चित्र येईपर्यंत किती वेळ लागतो तेही मोजा. त्या नियमात दोन सेकंदांच्या आत यायला हवं. तुमचं चित्र येईपर्यंत पाय ब्रेकवर. चित्र आल्याशिवाय गाडी हलता कामा नये.

हीच परीक्षा पहाटे अंधारात पुन्हा घ्या, कारण आपलं काम तेव्हाच असतं.

निगा

रोज गाडी धुता तेव्हा कॅमेऱ्यावर प्रेशरचा पाइप जवळून धरू नका. आधी गोडं पाणी ओता, मग मऊ ओल्या फडक्याने पुसा. रेतीच्या हाताने किंवा कोरड्या फडक्याने घासलं की काचेवर ओरखडे, आणि ओरखडे समोरून दिवा आला की चमकतात. मासळीच्या पाण्याचा तेलकट थर बसतो, त्याला भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरे. डिचोली-साखळीकडे जाणाऱ्यांना तिथली लाल माती माहीत आहे. ओल्या काचेवर ती बसली की पडद्यावर संध्याकाळ होते. म्हणून बाजारात शिरायच्या आधी एकदा उतरून पुसायचं. पावसाळ्यात कॅमेऱ्यावर बोटभर पत्र्याचा छज्जा असेल तर थेंब कमी साचतात.

महिन्यातून एकदा कनेक्शन उघडून बघा. हिरवट-पांढरं दिसलं तर साफ करून ग्रीस द्या. विमा भरताना कंपनीने न बसवलेलं असं इलेक्ट्रिक सामान वेगळं नोंदवावं लागतं, नाहीतर चोरीला गेल्यास भरपाई मागता येत नाही. एजंटला विचारून घ्या.

लोकांपासून लपवू नका

कॅमेरा धक्क्यापासून, मिठापासून, चोरापासून लपवा. माणसांपासून नको. वाड्यावर बायका विचारतील, "आमचं शूटिंग करतोस काय रे?" विचारायचा त्यांना हक्क आहे. त्यांना पडद्यासमोर बसवून दाखवा : गिअर टाकला की दिसतं, काढला की बंद, काही साठवलं जात नाही. रेकॉर्डिंगचा डॅशकॅम वेगळा असतो. मागच्या कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग असेल तर ते सरळ सांगा. आणि पडद्यावर त्यांना त्यांचीच बसायची जागा दाखवा, आधी आरशात आणि मग कॅमेऱ्यात. आरशात आपण कुठेच नाही हे बघितल्यावर गाडीच्या मागे कोण बसणार नाही. हा कॅमेऱ्याचा अर्धा फायदा आहे, आणि त्याला वीजही लागत नाही.

आणि मागे उभा राहणारा पोरगा

कॅमेरा आला म्हणून क्लीनरला केबिनमध्ये बसवू नका. "येऊं दी, येऊं दी... राव!" म्हणत हौद्यावर थाप मारणारा पोरगा कॅमेऱ्यापेक्षा जास्त जाणतो. कोण धावत येतंय, कुठल्या बाजूने कुत्रं निघालंय, कोणाचं मूल हात सोडवून पळालंय, ते त्याला आधी कळतं. पण तोही कधी गाडी आणि भिंत यांच्या मध्ये सापडतो. म्हणून त्याची जागा ठरवा. गाडीच्या बरोब्बर मागे नाही, ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात पूर्ण दिसेल अशी बाजूला. तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबली पाहिजे, मग मागून कितीही हॉर्न वाजोत.

तर ऑगस्टला पहिली गाडी निघायच्या आधी प्रत्येक गाडीवाल्याने एवढं करावं. रिव्हर्सचा दिवा चालू. कॅमेरा बसवलेला आणि चुन्याच्या चौकोनात पास झालेला. एक मीटरची खूण पडद्यावर. पोरग्याची जागा ठरलेली. आणि गाडीत बसायच्या आधी मागे एक फेरी चालत मारायची, रोज, कॅमेरा असो वा नसो. चुना, टेप आणि क्रेट संस्थेत आहेत. जून महिन्यात कधीही गाडी घेऊन या, मागच्या अंगणात चौकोन आखून ठेवतो.

आपला,
सचिव